पाचवा तारा

चामराजपेट,
३ मार्च

चि. मैत्रेयीस आजीचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं हं हं करतेस, म्हणून पत्र. दुसरीपर्यंतच शिकले, चुका काढू नकोस.

आमच्या गल्लीतल्या सरकारी दवाखान्याची पाटी म्हणते, औषधाची खिडकी चारपर्यंत उघडी. ती अकराला बंद होते. शेजारची यल्लव्वा फुलं विकून पोचेपर्यंत खिडकीला कडी. दोन महिने तिला शुगरच्या गोळ्या नाहीत. पायाच्या करंगळीची जखम काळी पडलीय. मी ओरडले, तर कंपाउंडर कानडी हेल काढून म्हणतो, स्वल्प, जरा उद्या या अज्जी. त्याचं उद्या माझ्या तेराव्याला उजाडणार.

आता म्हणे लोकांनीच दवाखान्याला गुण द्यायचे. चौदा तारखेला आरोग्य खात्याचे साहेब ते सभेत वाचणार. फॉर्म फोनवर आहे. माझ्या नावानं तू भर, खरं ते लिही. इथे चिंच फोडायचे दिवस आहेत. दवाखान्यातून रिकाम्या हातानं परतेल तिनं माझ्या तांब्यात एक चिंचोका टाकायचा, असं आम्ही बायकांनी ठरवलंय.

वेळेवर जेव. लोभ आहेच, तो मागावा लागत नाही.

तुझी आजी,
अनसूया


व्हाइटफील्ड,
७ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. ऑफिसच्या कॅबमध्ये बसल्या बसल्या फॉर्म भरून टाकला. पाचपैकी पाच तारे दिले. मी सगळ्यांना पाचच देते गं. ड्रायव्हरला चार दिले तरी बिचाऱ्याला बोलणी बसतात. कुणाच्या पोटावर पाय कशाला?

यल्लव्वा अक्कांना गोळ्या ऑनलाइन मागवून देऊ का?

लोभ आहे तसाच ठेव.

तुझी,
मैत्रेयी


चामराजपेट,
१५ मार्च

चि. मैत्रेयीस आशीर्वाद. आज थोडे कमी.

भर सभेत साहेबांनी पहिलं नाव माझंच वाचलं. अनसूयाबाई, वय अठ्ठ्याहत्तर, पाच तारे, पूर्ण समाधानी. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. यल्लव्वानं मान खाली घातली. जन्मात कुणाची मिंधी नव्हते, तू मला त्या कंपाउंडरची मिंधी केलीस.

पण खाली बसेन तर मी कसली! तांब्या नेलाच होता, साहेबांच्या टेबलावर उपडा केला. ते म्हणाले, अज्जी, ह्याला माहिती म्हणत नाहीत. मी म्हटलं, मोजा, मग होईल. त्यांनी कंपाउंडरलाच मोजायला बसवलं. बारा दिवसांत दोनशे अकरा. सभा हसली, साहेब हसले नाहीत. तारे नातीनं भरले हे मी सांगितलं, तर म्हणाले, तुमचे पाच तारे बदलायचे तर जिनं भरले तिनं समक्ष यावं.

गोळ्या पाठव, त्या लागतीलच. पण तेवढ्यानं तू सुटत नाहीस. तेवीस तारखेच्या सोमवारी रजा टाक आणि यल्लव्वाबरोबर रांगेत उभी राहा. ड्रायव्हरची दया येते ना, बघू इथे कुणाची येते.

लोभ शिल्लक आहे, येऊन घेऊन जा.

आजी


व्हाइटफील्ड,
२४ मार्च

ती. आजीस सा. न.

काल घाईत निघाले, नीट बोलणंच झालं नाही. अकराला तीन मिनिटं असताना माझ्या पुढच्या बाईच्या नाकावर खिडकी आपटली. मी पाटी दाखवली, तर कंपाउंडर म्हणाला, पाटी जुनी आहे. तशीच साहेबांकडे गेले, पाचाचा एक केला आणि खाली स्वतःचं नाव घातलं. मग अक्कांना मोठ्या इस्पितळात नेलं. तिथले डॉक्टर मला म्हणाले, एवढा उशीर का केलात?

रागावली असशील तर राग ठेव, पण लोभही ठेव.

मैत्रेयी


चामराजपेट,
२० एप्रिल

चि. मैत्रेयीस पुरते आशीर्वाद.

खिडकी आता चारपर्यंत उघडी असते. तांब्या घासला, पण फडताळात नाही ठेवला. दारात ठेवलाय, कंपाउंडरला जाता-येता दिसेल असा.

यल्लव्वा घरी आली. करंगळी कापली, पाय वाचला. ओट्यावर बसून फुलं ओवते आणि डॉक्टरला शिव्या देते, म्हणजे बरी आहे.

काल साहेब स्वतः नवा फॉर्म घेऊन आले. म्हणाले, अज्जी, आता तरी पाच द्या. मी चार दिले. त्यांनी विचारलं, एक का कापला? मी यल्लव्वाला पाय पुढे करायला सांगितलं आणि साहेबांना म्हटलं, मोजा.

लोभ वाढलाय, सांभाळून वापर.

तुझी आजी