तुटलेला जोड ओडीलच्या हाती द्यावा

मी, तौनो केस्किला, वय एकाहत्तर, राहणार सॉइंटुला, ब्रिटिश कोलंबिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. नव्हते असे म्हणणारे निघतील.

१. घर, मागची सौना (वाफेची न्हाणी) आणि बँकेतली शिल्लक गावच्या वाचनालयाला. होडी, पहिल्या ओढीत तिचे इंजिन सुरू करून दाखवील त्याला.

२. मेव्हणा वेर्न ऑस्टबी यास काहीही नाही. माझ्या छातीचे दुखणे कळल्यापासून तो दर रविवारी मासे घेऊन येतो. "दाजी, शेड झाडून देऊ का? किती अडगळ ती!"

"तुझी बहीण जन्मभर सांगत होती, तेव्हा झाडू सापडला नाही होय रे?"

तो हसला. नजर मात्र शेडच्या कुलपावर होती. मासे मी मांजराला घालतो आणि नंतर अर्धा तास मांजराकडे बघत बसतो.

३. ऑक्टोबर १९९४. वैमानिक मार्सेल थिबो देवदाराचा ओंडका तारेला लटकवून हेलिकॉप्टर वर नेत होता. मी खाली उतारावर पुढच्या ओंडक्याला फास घालत होतो. शेपटीकडून कडाड आवाज आला. मार्सेलने ओंडका लगेच सोडला, माझ्यापासून लांब, ओढ्यात. मग हेलिकॉप्टर गरगरत झाडीत गेले. मार्सेल वाचला नाही.

आमची लाकूडतोड कंपनी म्हणाली, त्याने ओझे सोडलेच नाही, म्हणून यंत्र तुटले. संध्याकाळपर्यंत ओढ्यातला ओंडका नाहीसा झाला होता. वेर्न आमचा मुकादम. तो कागद घेऊन आला. "दाजी, पंख्याने उडवलेल्या एवढ्या पाचोळ्यात तुम्हाला काय दिसणार? दिसलं नाही म्हणा, सुटलात." मी सही केली. ती साक्ष खोटी होती.

४. अकरा दिवसांनी मला शेवाळात शेपटीच्या पंख्याच्या दांड्याचा जोड सापडला. तुटलेली कड अर्धी काळी, अर्धी चकचकीत आहे. काळी म्हणजे जुनी चीर. ती उड्डाणाआधीच होती. भीतीपोटी मी तो शेडमध्ये कुलपात ठेवला. हा जोड मार्सेलची मुलगी ओडील हिला द्यावा. ओंडका सोडायच्या बटणावर बापाचा अंगठा हललाच नाही, असे ती नऊ वर्षांची असल्यापासून ऐकते आहे. जोड वकिलांनी स्वतः नेऊन द्यावा. पोस्टाने पाठवू नये. पोस्टातल्या हिल्काने राग मानू नये. संशय तिच्यावर नाही, पोस्टात उगाच रेंगाळणाऱ्यांवर आहे.

५. वेर्नच्या नावे काही ठेवले असते, तर त्याला या मृत्युपत्राचा साक्षीदार करता आले नसते. म्हणून ठेवले नाही. सही करण्यापूर्वी त्याने कलम ३ मोठ्याने वाचावे. हिल्का ऐकेल. वाचले नाही, तर तसे इथे लिहावे.

आम्ही दोघांनी एकमेकांसमोर व तौनो केस्किला यांच्यासमोर सह्या केल्या.

सॉइंटुला, ३ मार्च २०१६

(सही) तौनो केस्किला

साक्षीदार १: (सही) हिल्का सारी. त्याने वाचले. दोनदा थांबला.

साक्षीदार २: (सही) वेर्न ऑस्टबी. मार्सेलने ओंडका सोडला होता. मीही पाहिले.