आठ दिवसांनी दाखवायला येणे

पनवेल,
गुरुवार, ७ मे १९९२

प्रिय वेणूस,

आशीर्वाद लिहिणार होते, पण तू माझ्याहून चार महिन्यांनी मोठी, म्हणून नमस्कारावर भागवते. पत्रास कारण की, कारणं फार साठली आहेत. तुझी तीन पत्रं आली आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. पहिल्या दोन वेळा वेळ नव्हता असं समज. तिसऱ्याचं सांगते, पण जरा सावकाश.

इकडे सगळं ठीक. मुलांच्या वॉर्डात सध्या औषधापेक्षा आंब्याचा वास जास्त. भेटायला येणारा प्रत्येक जण पिशवीतून आंबे आणतो, आणि डॉक्टर नाही म्हणाले की ते आमच्या टेबलावर येतात. मी तोंडाने नको नको म्हणते आणि हाताने घेते.

तुझ्या कंपनीच्या दवाखान्यातल्या नोकरीचा फॉर्म मिळाला. पंधरा तारखेच्या आत पाठवायचा, हेही वाचलं. दहा ते पाच, रविवारी सुट्टी, आणि पेशंट म्हणजे न्हावा शेव्याला कंटेनर उतरवताना बोटं चेंगरलेले मिशीवाले ड्रायव्हर. तू लिहिलंस, "तेही सुई टोचली की आई गं म्हणतात, पण ती आई दाराशी उभी नसते." हे वाक्य मी चारदा वाचलं. फॉर्म त्याच दिवशी भरला. फक्त सही राहिली.

आता कालची गंमत ऐक.

दुपारी जेवणं उरकली की आमची चालती-फिरती पोरं दवाखाना-दवाखाना खेळतात. अंकिता म्हणून एक आठ वर्षांची आहे, अंगावर सूज येऊन महिनाभर पडून होती, आता बरी आहे म्हणून धिंगाणा घालते. काल ती सिस्टर झाली. डोक्याला रुमाल टाचला, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "खाट नंबर चार, गप. रडायचं नाही. हात पुढे." सगळा वॉर्ड खो खो हसला. मीही हसले. मग लक्षात आलं, आवाज माझा होता. हुबेहूब, वेणू. तो कोणाचा हे पोरांना सांगावं लागलं नाही.

मी त्यांना नंबराने हाक मारते, हे मलाच माहीत नव्हतं. कधीपासून, ते मात्र माहीत आहे.

जानेवारीत आभा गेली. तीन वर्षांची. खाट नऊ. मी तिचे केस विंचरले, आईला खुर्चीत बसवलं, रिपोर्ट लिहिला आणि डबा उघडून जेवले. भेंडीची भाजी होती. सगळी संपवली. रडू आलंच नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. परवा एक मुलगा खडखडीत बरा होऊन घरी गेला, त्याची आई पाया पडली, तर मी मनात म्हणत होते, चला, एक खाट रिकामी झाली.

दोन वर्षांपूर्वी आपला वॉर्ड सोडून जाताना तू कपड्यांच्या खोलीत तोंडाला चादर लावून रडत होतीस आणि मी दारात उभी राहून तुला पळपुटी म्हणाले. मला वाटलं, मी तुझ्यापेक्षा खंबीर आहे. तिसऱ्या पत्राचं उत्तर या शब्दापाशी अडलं होतं.

बरं, खेळ पुढे. पेशंट कमी पडले म्हणून मला धरून नेलं आणि नेमकं नऊ नंबरच्या रिकाम्या खाटेवर बसवलं. डॉक्टर म्हणजे शिवा, मिठागराकडच्या गावचा, पायाला प्लास्टर, तरी कुबडीवर हिंडणारा. गळ्यात सलाईनची नळी. त्याची आजी सोनाबाई कोपऱ्यात सुपारी कातरत होती. ती म्हणाली, "आरं, आदी नाव ईचार. बिननावाचा पेशंट नाय आसत."

"नाव काय?"

"सिस्टर," मी म्हटलं.

"सिस्टर हे नाव नसतं," अंकिता म्हणाली.

शिवाने नळी माझ्या पाठीला लावली. "मोठा श्वास घ्या." मी घेतला, आणि तो बाहेर येताना रडू घेऊनच आला. हुंदके देऊन रडले गं, भर वॉर्डात. पोरं घाबरली. सोनाबाई मात्र जागची हलली नाही. म्हणाली, "रडू द्या तिला. तुमी नाय का रडत सुईला? तिला पन कुठं तरी टोचलं आसल."

मग शिवाने केसपेपर केला. तसाच उतरवते: "नाव अरुंधती. वय साठ. आजार हसत नाही. औषध आंबा तीन वेळा. घरी सोडले. आठ दिवसांनी दाखवायला येणे." मी तेहतीस सांगितलं होतं. डॉक्टरांचा अंदाज वेगळा पडला.

आज सकाळी रजेचा अर्ज लिहिला, तीन वर्षांत पहिला. मेट्रनबाईंकडे दिला तेव्हा शिवाचा केसपेपर त्याच टाचणीत वर राहून गेला. बाईंना चष्मा सापडेना. त्यांनी वरच्याच कागदावर "मंजूर" लिहून सही ठोकली. मग चष्मा मिळाला, वाचलं, आणि इतक्या हसल्या की शिपाई पाणी घेऊन आला. खालच्या अर्जावरही सही केली आणि म्हणाल्या, "मोठ्या डॉक्टरांनी सांगितल्यावर मी कोण?"

तर शनिवारी सकाळच्या एसटीने निघते. उरण स्टँडवर ये आणि ताजा जिताडा मासा आणून कालवण कर. मला बोलू कमी दे, झोपू जास्त दे. माफी तोंडानेच मागेन. पत्रात मागितली तर तू ती जपून ठेवशील आणि म्हातारपणापर्यंत दाखवशील.

फॉर्म बरोबर आणते आहे. सही केलेली नाही. पंधरा तारीख तुझ्याच घरी, तुझ्या डोळ्यांदेखत उलटेल. तू चिडशील, चीड. पुढच्या वर्षीचं मी काही छातीठोक सांगत नाही. पण शिवाने बजावलं आहे की पेपर हरवायचा नाही, येताना घेऊन यायचा. शनिवारी सुटले असं धरून आठ दिवसांनी, सतराला, मला दाखवायला जायचं आहे.

तुझी,
अरुंधती

ता. क. खाट नंबर चारवरच्या मुलीचं नाव रुचिरा आहे. आज विचारलं.