अण्णाला एक सॉरी

२ फेब्रुवारी, सोमवार
संकल्प: रविवारच्या आत मल्लेश्वरमला अण्णाच्या घरी जाऊन त्याला सॉरी म्हणणे. बावीस तारखेला त्याच्या मुलीचं, हर्षिताचं लग्न आणि आमच्याकडे अजून अक्षत नाही. भांडण एवढंच, की दोन वर्षांपूर्वी आमच्या प्रणीतच्या मुंजीचं आमंत्रण मी थोरल्या भावाला घरी जाऊन न देता व्हॉट्सॲपवर पाठवलं. अनुसूया म्हणते, चूक तुमचीच. असेल. पण सॉरी म्हणायला मला काय अवघड? कस्टमर केअरचा हेड आहे. रोज दोनशे सॉरी माझ्या सहीने जातात.

४ फेब्रुवारी
आजचे सॉरी मोजले. लिफ्टमध्ये धक्का लागला, एक. फोनवर नीट ऐकू आलं नाही, दोन. अवधूतची रजा नाकारली, तीन. कॉफीच्या रांगेत मध्येच घुसलो, चार. मीटिंगमध्ये सौम्याचं बोलणं तोडायचं होतं, पाच. हा सर्वांत उपयोगी. माझ्याइतका नम्र माणूस सर्जापूर रोडवर दुसरा नसेल.

८ फेब्रुवारी, रविवार
गेलो नाही. ट्रॅफिक. सोफ्यावरूनच मॅपमध्ये पाहिलं, सगळं लाल.

११ फेब्रुवारी
दाढी करताना सराव. नुसतं सॉरी फार उघडंबोडकं वाटतं. 'तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी' हे बरं. ऑफिसात हेच वापरतो, कस्टमर गप्प होतात. अनुसूयाला म्हणून दाखवलं. तीही गप्प झाली.

१५ फेब्रुवारी, रविवार, दुपारी ३
जाऊन आलो. वहिनींनी कॉफी दिली. म्हटलं, सॉरी अण्णा, पण... आणि त्या पणच्या पुढे विषय निघत गेले. मुंजीला तो आला नाही, माझा फोन उचलला नाही, लहानपणी मला पतंगाला हात लावू दिला नाही. वीस मिनिटं बोललो. अण्णाने सगळं ऐकून घेतलं.
"सरी," तो म्हणाला, म्हणजे कानडीत 'ठीक आहे'. "कॉफी निवली तुझी."
मन हलकं झालं. माझ्या बाजूने विषय संपला.

१८ फेब्रुवारी
अण्णा-वहिनी स्वतः येऊन अक्षत देऊन गेले. नेमका मी ऑफिसात. वहिनींनी अनुसूयाला कुंकू लावलं आणि अण्णा म्हणाला, "तू आणि प्रणीत नक्की या."
गडबडीत माझं नाव राहिलं असेल.

२२ फेब्रुवारी
दोघं सातलाच ऑटोने गेली. मी जरीचं धोतर नेसून फोनजवळ बसलो. मुहूर्त अकरा दहाचा होता, टळला. दहीभात खाल्ला. फार वाईट वाटलं. हर्षिताला सायकल मी शिकवली होती.
अण्णाने एक फोन करून सॉरी म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? काही माणसांना एवढा साधा शब्द जमत नाही.