निळ्या किटची एक रेघ

६ एप्रिल
लॅबला तीन कंपन्यांचे अँटीजेन किट आलेत. लांबलचक नावं लिहायचा कंटाळा, म्हणून खोक्यांच्या रंगावरून: निळा, पांढरा, हिरवा. RT-PCR पॉझिटिव्ह आलेल्या पेशंटचे स्वॅब घेऊन तिघांची परीक्षा. हिरवा पहिल्याच फेरीत नापास. सर म्हणाले, लवकर उरका, चाकणच्या कंपन्या गेटवरच्या टेस्टसाठी खोळंबल्यात.

९ एप्रिल
निळा-पांढरा जवळपास सारखेच. पांढऱ्याचा माल बाजारात नाही. रिपोर्टात निळा. काम माझं, सही सरांची. संत्याच्या कंपनीने लगेच घेतलाही. स्वारी खूश. गेटवर नाकात काडी, एक रेघ आली की निगेटिव्ह, चला आत. भाऊ धाकटा, पण ओव्हरटाइमचा सोस मोठा.

१५ एप्रिल
संत्या खोकतोय. गेटवर निगेटिव्हच. कुरुळीला आईला फोन केला. तिचा दमा, म्हणून भीती वाटते. त्याला वेगळं झोपव म्हटलं, तर म्हणे, "काय न्हाई व्हत सुमे. ड्युटीला निघताना मी सोता त्याच्या नाकात खोबरेल सोडते. समदी आळी सोडती."
वैतागून फोन ठेवला. पण ते खोबरेल डोक्यातून जाईना.

१६ एप्रिल
पॉझिटिव्ह स्वॅबला खोबरेल लावून बघितलं. निळ्यावर एकच रेघ. परत केलं, परत एकच. पांढऱ्यावर दोन, फिकट का होईना.
आम्ही तपासलेले स्वॅब सगळे दवाखान्यातले, कोरड्या नाकांचे. गेटवर नाकं येतात ती घरून तेल घालून. माझ्याही नाकात लहानपणी आईने हेच सोडलं, तरी मला सुचलं नाही.
सरांचं म्हणणं, दोन-चार पट्ट्यांवर रिपोर्ट फिरवता येत नाही, रीतसर कर. बरोबर आहे त्यांचं. तरी राग आला.

१९ एप्रिल
संत्याची RT-PCR केली. पॉझिटिव्ह. म्हणजे इतके दिवस लाइनवर सगळ्यांत, आणि घरात आईजवळ...
आईला ताप, म्हणून कुरुळीला गेले. गावातल्या कॅम्पात तिचीही टेस्ट झाली. निळा किट, एक रेघ. RT-PCR करायला तयारच होईना. त्या किटवर भरवसा ठेवू नकोस, म्हटलं. ती म्हणाली, "मग तू पास कशाला केलंस त्याला?"
मी स्वॅबच्या काडीचं पाकीट फोडलं. स्वॅब देताना मात्र तिने लहान मुलासारखं नाक वर केलं.

२० एप्रिल
सकाळच्या RT-PCR फेरीत आईच्या स्वॅबची नळी मशीनला लावली. सर स्वतः येऊन म्हणाले, तेलाचं लिहून दे, आजच कंपन्यांना कळवतो. चाकणला पहिली शिफ्ट आत गेलीसुद्धा असेल.
आत्ता आईचा फोन. दम लागतोय, थांबत थांबत बोलत होती. नाकातलं तेल बंद कर म्हटलं.
"मग काय घालू?"
RT-PCR मशीनवर तिच्या नमुन्याची रेघ अजून सपाट आहे; वर चढली की पॉझिटिव्ह. इथेच बसलेय.