लग्नातला सूट आणि निम्मा फुफू

४ फेब्रुवारी

लो-कार्ब आजपासून बंद. चार महिने अंडी, मासे आणि कोबी खाऊन चौदा किलो उतरवले. लग्नातला सूट पुन्हा बसतो. पण कुमासीत बारीक होणं सोपं नाही. बँकेत विचारतात, काय आजार म्हणे? शेजारीण माझ्या बायकोला, सेरवाला, विचारून गेली की तुमच्या फुफू कुटायच्या उखळाचा आवाज ऐकू येत नाही, नवराबायकोत बरं आहे ना? सेरवा रडली. बायकोला रडवून कमावलेली कंबर काय कामाची. यापुढे फुफूसकट, उकडून कुटलेल्या कंदांच्या त्या गोळ्यासकट, सगळं खायचं, पण कॅलरी मोजून. फोनवर ॲप घेतलं.

सायंकाळी. चर्चमध्ये जाहीर करून टाकलं : पाच मेला लग्नाला पंचवीस वर्षं होतात, आभाराच्या प्रार्थनेला तोच सूट घालून येणार. टाळ्या पडल्या. लग्नाच्या दिवशी फोटोग्राफर रीळ घालायला विसरला होता, त्यामुळे आमचा एकही फोटो नाही. सेरवा म्हणाली, त्या सुटात तुम्ही आणि त्या झग्यात मी, एवढा एक फोटो हवा. दुसरं काही मागत नाही.

९ फेब्रुवारी

ॲपला फुफू माहीत नाही. ‘उकडलेला बटाटा’ लिहिलं. न्सिया मामा नाताळपासून आमच्याकडे आहेत, आणि आम्ही रिवाजाप्रमाणे एकाच भांड्यात जेवतो. मग माझं किती? भांडं एक, माणसं दोन. निम्मं. गणितात मी पहिल्यापासून बरा.

२० फेब्रुवारी

मामा चार घास घेऊन हात धुतात. म्हणाले, वय झालं रे भाच्या, तू संपव. संपवलं. निम्मं लिहिलं. तळाचं मटण थोरांनी धाकट्यासाठी ठेवायचं असतं. तो आशीर्वाद. ॲपमध्ये आशीर्वादाचा रकाना नाही.

६ मार्च

वजन दोन किलो जास्त. न्हाणीघराची फरशी उतरती आहे. काटा हॉलमध्ये आणला. तीन किलो जास्त. काटा परत न्हाणीघरात.

१५ मार्च

बँकेत सगळे खूश. कॅशियर आद्वोआ म्हणाली, साहेब, आता कसे माणसात आलात. शेजारीण म्हणाली, आता रोज उखळ ऐकू येतं, बरं वाटतं हो. सेरवा दिवसभर गुणगुणत होती. हे मी तिच्यासाठीच करतोय. माणसाने स्वार्थी असू नये.

३१ मार्च

ईस्टर. सणाच्या दिवशी मोजमाप नको.

१४ एप्रिल

सूट घालून पाहिला. पँटचं बटण काजापर्यंत पोचत नाही. चार बोटं कमी. कपाटात पडून कापड आटलं. फेब्रुवारीत बसत होता, म्हणजे आटला तो गेल्या दोन महिन्यांत. हवा फार विचित्र झाली आहे. सेरवाला हे सांगितलं. ती म्हणाली, माझा झगा त्याच कपाटात होता, तो नाही आटला. आणि उठून गेली. मामा म्हणाले, निदान सकाळचा पाव तरी सोड. कुठला पाव? चहात बुडवलेला पाव मी चहात धरतो.

२७ एप्रिल

आठ दिवस, चार बोटं. अशक्य नाही. आजपासून कोबी.

रात्री. उखळाचा आवाज आला. पामच्या फळांचं सूप होतं. तिला पुन्हा रडवायचं? मन झालं नाही.

४ मे

शिंपी आला. सेरवाने माझ्यासाठी पांढरा अंगरखा शिवायला टाकला होता, महिन्यापूर्वीच, मला न सांगता. माप माझ्या सगळ्यात ढगळ शर्टाचं, वर तीन इंच जास्त. नवऱ्यावर इतका अविश्वास बरा नव्हे, असं मी बोलून दाखवलं. मग घालून पाहिला. पोटावर घट्ट. शिंपी म्हणाला, सकाळपर्यंत उसवून देतो.

५ मे, रविवार

सेरवा म्हणाली, सूट येणार असं साऱ्या चर्चला सांगितलंय ना, मग सूट येऊ दे. मामांना घातला. त्यांच्याच मापाने शिवल्यासारखा बसला. मामा आरशापुढून हलेनात.

फोटोग्राफर बाहेरगावचा. तिचा झगा पाहिला, मामांचा सूट पाहिला आणि मला म्हणाला, काका, जरा बाजूला व्हा, आधी जोडप्याचा घेऊ. वाद घालायची ती जागा नव्हती. बाजूला झालो. मामांना इतकं हसू आलं की सेरवालाही आवरेना. कॅमेरा नेमका तेव्हाच वाजला.

मग माझा आणि तिचा काढला. त्यात ती हसत नाही, आणि माझ्या अंगरख्याच्या उसवलेल्या शिवणीचे दोरे दिसतात.

११ मे

फोटो आले. सेरवाने दोन्ही बराच वेळ हातात धरले. पहिला फ्रेम करून हॉलमध्ये लावला. म्हणाली, पंचवीस वर्षं हाच फोटो डोळ्यासमोर होता, माणूस तेवढा वेगळा आला. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू.

दुपारी बँकेचा नवा ड्रायव्हर फाइल द्यायला आला. दारातूनच भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिला. म्हणाला, साहेब, लग्नात किती बारीक होता हो तुम्ही.

मी हो म्हणालो.