नमुन्याला बाबांचा फोटो

३ फेब्रुवारी, सोमवार

अश्वजितचा पुण्याहून फोन. परत तेच! "ताई, वेबसाइट करून देल्ली, पन तू त्यात काईच लिहून नाई राह्यली. कोन येईन मंग? ब्लॉग लिही. आपन काम कसं करतो ते लिही. लोक गुगलवर तेच शोधतात, अन् आपलं दुकान सापडते."

धाकटा भाऊ शिकवतो, आपण ऐकायचं. पण लिहू काय? रिठदच्या स्टँडवरचा एवढासा फोटो स्टुडिओ. लग्नांचे फोटो मोबाइलने खाल्ले. उरले पासपोर्ट, लॅमिनेशन आणि गेलेल्या माणसांचे फोटो. त्यात मात्र मी पटाईत! आधार कार्डावरचा चेहरा मोठा करायचा, खांद्याखाली कोट-टाय चढवायचा, मागे निळा पडदा, वर हार. तेराव्याच्या जागी आमच्यात पुण्यानुमोदन असतं, त्याच्या आदल्या दिवशी फ्रेम तयार. जन्मभर ज्याला धड शर्ट मिळाला नाही तोही भिंतीवर कोटात असतो. हेच लिहीन म्हणते.

९ फेब्रुवारी, रविवार

लिहिलं! "आधार कार्डावरून आई-वडिलांचा फोटो कसा तयार होतो." दोन तास लागले. शाळेत निबंधाला कधी एवढा घाम आला नव्हता.

नमुन्याला फोटो हवा होता. गिऱ्हाइकाचं गेलेलं माणूस जगाला कसं दाखवायचं? मन होईना. बाबा बाजेवर बसून ऐकत होते. म्हणाले, "माहा टाक ना. मले काय धाड भरली?"

टाकला. कोट चढवला, हार घातला. खाली सवयीने "कालकथित जानराव" लिहिलं गेलं, गेलेल्या माणसाच्या नावाआधी लिहितो तसं. हात तसाच चालतो. बाबा बघून खूश — "साहेब दिसून राह्यलो!" मग ते नाव तसंच राहू दिलं, नमुना पुरा दिसावा म्हणून. आई असती तर लाटणं फेकून मारलं असतं मला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन ऑर्डरी! एक नागपूर, एक उल्हासनगर, एक थेट हैदराबाद. तिघांनीही ते लिहिलेलं वाचूनच फोन केला. म्हणजे अश्वजित खरं बोलत होता. आता दर आठवड्याला लिहिणार.

खाली लोकांनी बाबांना आदरांजली वाहिली आहे. अकरा जणांनी! बाबांनी एकेक मोठ्याने वाचायला लावली. हसून हसून पोट दुखलं दोघांचं.

६ मार्च, गुरुवार

किन्हीराजाहून आत्या आली. ऑटोतून उतरली तीच रडत. मी म्हटलं, अगं आत्या, ते बघ बाबा, बसलेत समोर! तो फोटो नमुन्याला होता!

तिने तिकडे बघितलं. डोळे पुसले. बसली. बाबांनी उठून तिला पाणी दिलं, ते तिने घेतलं, प्यायली. पण सगळा वेळ बोलली माझ्याशीच. बाबांनी शेताचं विचारलं तर उत्तर मला दिलं. निघताना माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "पोरी, आता एकटीच राह्यतं का वं इथं?"

बाबा तिच्या शेजारी उभे होते. तिची पिशवी त्यांच्याच हातात होती.

१५ मार्च, शनिवार

इंझोरीच्या कुणा मदनसिंगने ब्लॉगखाली लिहिलंय — "जानरावदादांना खांदा दिला. ऊन फार होतं. कोणीतरी माझ्या डोक्यावर ओला टॉवेल धरला होता."

बाबा हसतील म्हणून वाचून दाखवलं. हसले नाहीत. म्हणाले, "हो. पांढरा टॉवेल. पन खांदा देनारा मदनसिंग नसन, त्याचं गुडघं दुखते. त्याचा भाऊ हेमसिंग असन."

"बाबा, काहून असं बोलता?"

"तूच तं लिहेलं हाय ना, बाई."

लेख आजच्या आज काढून टाकायचा ठरवलं. काढला नाही. खरं सांगायचं तर लोभ! बाकीचे चार लेख कुणी वाचत नाही, सगळी माणसं या एकावरूनच येतात. या आठवड्यात सहा कामं आली.

२७ मार्च, गुरुवार

न्हाव्याने बाबांना खुर्चीत बसू दिलं. मग दिवा मालवला, शटर अर्धं ओढलं आणि जेवायला निघून गेला. बाबा तासभर तसेच बसून होते, गळ्याभोवती कापड घेऊन.

२ एप्रिल, बुधवार

मधला मार्ग काढला. फोटोवरचा हार काढला. "कालकथित" खोडलं. ठळक अक्षरात लिहिलं — हे माझे वडील असून ते हयात आहेत.

संध्याकाळी खाली पहिली प्रतिक्रिया आली — "किती सुंदर काम! अगदी जिवंत वाटतात."

त्याच माणसाने आपल्या आजीच्या फोटोची ऑर्डर दिली.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. बाबा सकाळीच पांढरे कपडे घालून तयार. मीच इस्त्री केली होती. विहारात वंदना झाली, मग मंचावर भाषणं. वर्षभरात गेलेल्या गावातल्या ज्येष्ठांची नावं वाचायला घेतली. पाचवं नाव बाबांचं!

मी ओरडले, "अहो, हे काय! हे बसलेत इथं!" बायांनी मला धरून खाली बसवलं. पाणी पाजलं. कोणीतरी म्हणालं, "बापाचा लय लळा होता तिले."

दोन मिनिटं शांतता पाळली. सगळे उभे राहिले. बाबाही उभे राहिले, मान खाली घालून, हात जोडून.

घरी येताना माझा हात धरून चालत होते. हात गरम होता. मी पुन्हा पुन्हा दाबून बघत होते. "चांगला कार्यक्रम झाला," म्हणाले, "मानसं लय आले होते."

१६ एप्रिल, बुधवार

काढला! लेख, फोटो, सगळं पुसलं. धंदा गेला चुलीत.

अश्वजितला सांगितलं. तो म्हणाला, "आता काय उपेग, ताई? तो फोटो कितीक लोकायनं स्टेटसले ठेवला." मग म्हणतो — "ताई, बाबाच्या पुण्यानुमोदनाले मी आलतो का? मले आठवूनच नाई राह्यलं."

शिव्या घातल्या त्याला. फोन बाबांच्या कानाला लावला. बाबा बोलत होते — "हॅलो, अरे अश्वजित, मी बोलून राह्यलो! जेवला काय?" — चांगले खणखणीत. फोन परत घेतला तर अश्वजित म्हणतोय, "ताई, रेंज नाई काय तिथं? काईच ऐकू नाई येऊन राह्यलं."

फार रडले. बाबांनी डोक्यावर हात ठेवला. गावाला काय म्हणायचं ते म्हणू दे. मी बघतेय ना! ते खोकतात, मी ताट वाढल्याशिवाय जेवत नाहीत, चहात साखर कमी पडली की माझ्यावर खेकसतात. मी आहे तोवर त्यांना काही होत नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

कामाचा फार रेटा. लेख नाही तरी ऑर्डरी येतच आहेत, आज आठ फ्रेमा गेल्या. दुपारी दुकानामागे घरी आले. दोन भाकरी थापल्या, दोन्ही ठेच्याशी खाल्ल्या. तवा, ताट घासून पालथं घातलं, चूल विझवली. हात पुसत बाहेर आले तर बाजेवरून बाबा म्हणाले, "झालं का वं तुहं जेवन?"