जाताना सव्वादोन तास, येताना पाव तास

१२ जाने. १९५६
आमच्या पोराचं, विलासचं पत्र. लंडनच्या कारखान्यात शिकतोय, तिथले लोक त्याला चार दिवस पॅरिसला नेणार. विमानानं! मी खूश. सौ.नं पत्र ऐकलं आणि पदर खोचला. "इमान भुईला टेकंपतूर पाण्याचा थेंब घेणार न्हाय. अंबाबाईला बोलले मी." नुकती विषमज्वरातून उठलीय. डॉ.नी उपास पार बंद केलेत. पण ऐकेल तर शपथ.

१३ जाने.
शाळेतली नकाशावही घरी आणली. दोरा लावून मोजलं. लंडन-पॅरिस म्हणजे कोल्हापूर-मुंबईपेक्षा थोडंसंच जास्त. सव्वा तासात पोचेल म्हटलं. सौ. म्हणे, "मुंबईला दत्तोबा भावजींच्या ट्रकला रात उलटती. हितं तर मधी समुद्र हाय!"
जन्म गेला भूगोल शिकवण्यात. घरात मात्र मीच नापास.

१६ जाने.
दुसरं पत्र, वेळांचं. लंडनहून दहाला सुटणार, पॅरिसला सव्वाबारा. परतताना पॅरिसहून दहा, लंडनला सव्वादहा. सौ.नं धरलंच. "सव्वा तास म्हनत हुता न्हवं?" मी तोंड उघडणार तोच शेजारचा दत्तोबा ट्रक पुसता पुसता ओरडला, "त्यात काय वैनी! जाताना चढ, येताना उतार. घाट चढताना आमचं इंजान न्हाय का रडत?"
वैनींना पटलं. मास्तर पडले पुस्तकी.
खरं तर पॅरिसचं घड्याळ तासभर पुढं. दोन्हीकडून सव्वाच तास. सांगणार होतो, पण सौ. विचार करून म्हणाली, "मग येतानाचा उपास माझा. जातानाचा तुमचा." म्हणजे आजारातून उठलेल्या तिला पावच तास! नकाशावही मिटली. भूगोल गेला चुलीत. अंबाबाई, तासाभराचा फरक तुझ्यामाझ्यात ठेव.

२३ जाने.
आज विलासचं जातानाचं विमान. लंडनचे दहा म्हणजे आपल्या साडेतीनला उडणार. तिथून माझं पाणी बंद. दुपारची रजा टाकून घरी. सौ. निवांत शेंगा फोडतेय. मला मात्र नकाशात दोऱ्याखाली आलेला समुद्राचा तो निळा पट्टा दिसायला लागला. विलास रंकाळ्यात पोहायला शिकलाय. पण तिकडचं पाणी, या थंडीत...
पावणेपाचला सौ.नं पेला आणला. "उतरलं असंल. प्या."
"थांब जरा."
"आवं, सव्वा तासाचं गणित तुमचंच न्हवं?"
सहा वाजले. दत्तोबाचा चढ धरला तरी टेकलंच असणार. तरी घोट जाईना. भीती वाटतेय, सरळ लिहितो. तार आली तर कळायचं, पण तार करायचं त्याला सुचेल का...
सौ. भडकली. "तुमी प्यायला न्हाईसा, तर मीबी न्हाय."
तिनंही आपला पेला खाली ठेवलाय.